जावयाचा हिटर

९ जानेवारी, राजूर

पुन्हा विझला! जावयानं, राजदीपनं, नागपुरातून घेऊन पाठवलेला जपानी हिटर. रॉकेलवर चालतो म्हणे. चालतो — थोडा वेळ. मग लाल दिवा मिचकावतो आणि गप्प. सोबतचं पुस्तक जपानीत. चित्रांवरून कळलं ते एवढंच, की जपानी बायका हिटरशेजारी फार हसतात.

मला हसू येत नाही. बाळंतपणाला माहेरी आलेल्या आमच्या ममताचं बाळ कमी वजनाचं. डॉक्टरांनी बजावलंय, ऊब कमी होऊ देऊ नका. आणि थंडी अशी की नळाला हात लावायची हिंमत होत नाही. सासूबाईंनी बाळंतिणीच्या खोलीची फट न् फट चिंध्यांनी बुजवलीय. दाराखाली गोधडी. "बाळंतिणीले हवा लागली तं जलमभर अंग दुखते!" मुंगीलासुद्धा आत यायचं तर परवानगी काढावी लागेल.

१० जानेवारी

शेजारची कोकिळा म्हणाली, "रॉकेलमंधी पानी असन." गाळलं. विझला! मग म्हणाली, "नवी वस्तू हाय, नजर लागली." सासूबाई कडाडल्या, "आमच्यात नजर-बिजर नाही मानत!" — आणि नातवाच्या गालावरची काजळाची तीट नीट केली.

ओसरीवर ठेवला तर दुपारभर सुरेख जळला. आत नेला की विझला. थेट आमच्या श्रावणरावांवर गेलाय — बाहेर गोडगोड, घरात आले की फुगून बसणार. हे खाणीच्या वर्कशॉपात आहेत. नवरा कमी, मिस्त्री जास्त. म्हणाले, "उद्या पायतो."

११ जानेवारी

संध्याकाळी स्क्रू खोलले, लावले. "काय केलं?" "तुले समजन काय?"

१२ जानेवारी, सकाळ

रात्रभर जळला! बाळाचे पाय गरम! नवऱ्याच्या चहात जास्तीची साखर घातली. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

१२ जानेवारी, संध्याकाळ



हिटर नुकताच लावला होता, तेवढ्यात राजदीपचा फोन. "आई, दुकानवाल्याले इचारलं. बिघाड नाही हाय. खोलीतली हवा खराब झाली का तो आपोआप बंद होते. नाही तं बंद खोलीत मानसं झोपेतच जातात म्हने."

श्रावणराव भिंतीला टेकले. "म्या तं ते वायर डायरेक्ट करून टाकलं..."

डायरेक्ट! आमच्या गल्लीत पंप डायरेक्ट, मिक्सर डायरेक्ट, स्कूटर डायरेक्ट. मधे जे अडवतं ते काढून फेका, झालं काम!

धावलो. बाळानं जांभई दिली. एवढी सुंदर जांभई मी कधी पाहिली नव्हती. हिटर अंगणात. मी रडले, मग नवऱ्यावर ओरडले, मग पुन्हा रडले. ते वायर पूर्ववत जोडत बसले.

पण काल? अख्खी रात्र बंद खोलीत जळला — आणि काहीच कसं झालं नाही?

१३ जानेवारी

ममता कानात म्हणाली, "परवा रात्री लय घुसमटलं, आई. डोकं जड झालं. म्या खिडकीतल्या चिंध्या काढल्या अन् आजी उठाच्या आत परत कोंबल्या. तिले सांगू नको."

या पोरीनं जन्मात कुणाचं ऐकलं नाही. बरं केलं, बाई!