फाटकापाशी उभी बाहुली

दापोडी,
रविवार दुपार

अहो,

संसार केला तेवढ्या वर्षांत तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. लिहायच्या कशाला? तुम्ही समोर असायचात, नाहीतर कंपनीत. आता तुमचं वर्षश्राद्ध होऊन आठवडासुद्धा झाला नाही आणि मी आपल्या मंगलच्या वहीची पानं फाडून बसले आहे. मघाशी तुमची ट्रंक उघडली. त्यात जे सापडलं ते तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

इतकी वर्षं मी समजत होते, मी फौजदारासमोर खोटं बोलले म्हणून तुम्ही गप्प झालात. तसं नव्हतं ना? मग एकदा तोंड उघडायला काय झालं होतं तुम्हाला?

तुमचा तो भात्याचा कॅमेरा! जुन्या बाजारातून आणलात तेव्हाच मी म्हटलं होतं, "अहो, याची मान मोडलीय." पुढचं भिंग खाली झुकलेलं, आत्ता पडेल की मग पडेल असं. तुम्ही टूलरूममधले फिटर, केसाएवढी कसर तुम्हाला खपायची नाही. मनात आणलं असतंत तर अर्ध्या तासात सरळ केला असता. पण नाही! "दुरुस्त केला तर बिघडेल," म्हणालात. ऐकलंय का असं कोणी?

आणि त्याने फोटो कशाचे, तर आगगाडीचे. दापोडीत राहणाऱ्याला आगगाडीचं एवढं काय कौतुक? इथे भांडी घासताना रुळांचा हादरा बसतो. पण तुम्ही सुट्टीच्या दिवशी लोकल धरून घोराडेश्वराच्या डोंगरावर जाणार आणि वरून खालच्या गाडीचे फोटो काढणार. खडकीच्या स्टुडिओतून ते धुऊन आले की गाडी अगदी खेळण्यातली दिसायची. मधली पट्टी तेवढी लख्ख, वर-खाली सगळं धुरकट. डबे आगपेटीएवढे, झाडं कोथिंबिरीच्या जुड्यांएवढी.

"खरी गाडी आहे आणि खरी वाटत नाही. गंमत आहे की नाही?" असं म्हणत तुम्ही एकेक फोटो माझ्या पुढ्यात धरायचात. मी पोळी लाटता लाटता "हो, छान" म्हणायचे. हात पिठाचे होते हे निमित्त बरं सापडायचं मला.

एकदा मलाही घेऊन गेलात, आठवतं? ऊन मी म्हणत होतं. पायथ्याच्या रेल्वे फाटकापाशी आलो आणि डोंगराची चढण बघून माझं डोकं सणकलं. तुम्ही म्हणालात, "चल गं वर. एकदा वरून बघ तरी." मी म्हटलं, "मला नाही बघायच्या तुमच्या गाड्या. जा एकटेच." तुम्ही गेलातही! मी तासभर तुमची काळी छत्री उघडून फाटकापाशी उभी, तुमच्या नावाने खडे फोडत. तीच छत्री, जिला मी अभ्र्याचं पांढरं ठिगळ लावलं होतं. दोन गाड्या गेल्या. तुम्ही खाली आलात ते गुणगुणत. मला आणखीच राग आला.

मग एकाहत्तरची लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले. भोंगा वाजला की दिवे मालवायचे. देहूरोडला लष्कराचा डेपो आणि तिथून जवळच तुमचा डोंगर. मी दोनदा सांगितलं, काही दिवस राहू द्या. दोनदा! ऐकलंत? कोणीतरी तुम्हाला वर पाहिलं, कोणीतरी चौकीत सांगितलं, आणि शुक्रवारी तुम्ही फर्स्ट शिफ्टला असताना फौजदार आणि एक हवालदार आपल्या दारात उभे.

हवालदाराने ट्रंक उपसली. बिस्किटांच्या डब्यातले फोटो फरशीवर ओतले. शेजारच्या साळुंखेवहिनींच्या दारात तोवर सगळी चाळ गोळा झाली. नुसत्या संशयावरून एकाला उचललं आणि त्याची नोकरीही गेली, असं त्याच आठवड्यात नळावर बोलणं चाललं होतं. मंगल चार वर्षांची, ती माझ्या पदरामागे.

फौजदारांनी एक फोटो उचलला. पुढून बघितला, मागून बघितला, पुन्हा पुढून. मग म्हणाले, "बाई, ही गाडी खरी आहे का खेळण्यातली?"

देवानेच तोंडात शब्द घातला म्हणा. "खेळण्यातली! हे घरीच बनवतात. वेड आहे त्यांना."

"आणि फाटकाजवळ हे काय? बाई उभी आहे ना?"

मी वाकून पाहिलं. नखावर मावेल एवढा ठिपका, अगदी बाहुलीसारखा. "ती बाहुली आहे," मी म्हटलं. "मातीची."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "बरं. मग दाखवा ते खेळणं."

"भावाकडे दिलंय, कासारवाडीला."

"रविवारी सकाळी येतो. आणून ठेवा. नसलं तर त्यांना घेऊन जावं लागेल." तेवढा एक फोटो खिशात घालून ते गेले.

तुम्ही घरी आलात, मी सगळं सांगितलं, आणि तुमचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मी आत्ता जाऊन खरं सांगतो," म्हणालात. मी दार अडवलं. "खरं सांगून आत जाल! आणि मी पोरीला घेऊन कराडला माहेरी जाऊन बसू?" तुम्ही कॉटवर बसलात. मग हात पुढे केलात आणि म्हणालात, "तुझा केसांचा आकडा दे."

त्या आकड्याचा तुम्ही इंजिनाच्या टपावरचा, विजेच्या तारेला टेकणारा दांडा केलात. डालड्याचा डबा कापून इंजिन, आगपेट्यांचे डबे, खराट्याच्या काड्यांचे रूळ. शनिवारी रजा टाकलीत. चाळीतल्या पोरांचा दिवाळीचा किल्ला अंगणात अजून होता, मावळे गेलेले, अळीव वाळून पिवळे पडलेले. तोच आपला डोंगर. मी माती भिजवून दिली, तुम्ही पायथ्याशी रूळ बसवलेत आणि काडीचं फाटक. एकदा इंजिन घसरून माझ्या चिखलात पडलं तेव्हा आपण दोघंही हसलो. भीतीने जीव अर्धा झालेला आणि हसतोय काय! त्या दोन दिवसांत मी तुमच्या शेजारी जेवढी बसले तेवढी लग्नापासून बसले नव्हते.

रविवारी फौजदार आले, एकटेच. किल्ल्यापाशी उकिडवे बसले. बोटाने गाडी ढकलली, चाकं फिरली. "झकास," म्हणाले. मला जरा श्वास घेता आला. मग त्यांनी खिशातून फोटो काढून किल्ल्याशेजारी धरला.

"हा फोटो याचाच?"

"याचाच," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही, यांना विचारतोय." तुम्ही खाली वाकून रुळाची काडी सरळ केलीत. मग ते म्हणाले, "मिसेस सांगत होत्या, फाटकाजवळची ती बाहुली आहे. इथे तर दिसत नाही. कुठे गेली?"

बाहुली! अहो, बाहुलीचं मी तुम्हाला सांगायलाच विसरले होते! त्यांनी फोटो तुमच्या हातात दिला. तुम्ही फोटोकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत. इतका वेळ पाहिलंत की मला वाटलं, हे आता खरं सांगणार आणि सगळं संपणार.

"हरवली, साहेब," तुम्ही म्हणालात.

फौजदार उठले, गुडघे झटकले. "लढाई संपेपर्यंत कॅमेरा बंद," हळूच म्हणाले. "पुन्हा डोंगरावर दिसलात तर मीसुद्धा काही करू शकणार नाही." फोटो तुमच्याच हातात ठेवून निघून गेले.

चाळीत माझा काय भाव वाढला म्हणता! "काय डोकं चाललं सुमनबाईचं, नवऱ्याला वाचवलं!" साळुंखेवहिनी येईल-जाईल त्याला सांगायच्या. मीही मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू? लढाई संपली, तुमचा कॅमेरा मात्र ट्रंकेतून निघाला नाही. तुम्ही वाईट वागलात असं एकदाही नाही. डबा घेऊन जायचात, पगार हातात द्यायचात, मंगलचा अभ्यास घ्यायचात. पण मी पोळ्या लाटत असायचे आणि माझ्या पुढ्यात कोणी काही धरत नव्हतं. मला वाटायचं, तत्त्वाचा माणूस, खोटं बोलायला लावलं म्हणून घुसमटतोय. मनात म्हणायचे, एवढा काय अहंकार!

आज ट्रंकेच्या तळाशी तो फोटो सापडला, तुमच्या कंपनीच्या डायरीत जपून ठेवलेला. तिथेच तुमचं बारीक काम बघायचं डोळ्याला लावायचं भिंग. सहज लावून पाहिलं. फाटकापाशी बाई. काळी छत्री. छत्रीला पांढरं ठिगळ.

अहो, ती मी होते!

मग फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीने तुमचं अक्षर: "फाटकापाशी आमची मंडळी. रागावलेली."

मागची बाजू फौजदारांनी पहिल्याच दिवशी वाचली होती हो! त्यांना सगळं ठाऊक होतं. खेळणं मागितलं ते चाळीला दाखवायला; म्हणून एकटे आले, म्हणून हळू बोलले. रुसलेल्या बायकोचा फोटो काढणारा कसला हेर? माझ्या खोट्याने तुम्ही सुटला नाहीत. या एका ओळीने सुटलात. आणि मी मेली वर्षानुवर्षं मिरवत बसले! त्या दिवशी मी सगळं खोटं बोलले, पण बाहुलीचं खोटं नव्हतं. मला खरंच बाहुली वाटली. तुम्ही डोंगरावरून मला ओळखलंत आणि मी हातभरावरून स्वतःला ओळखलं नाही. हे तुम्हाला लागलं. लागणारच! पण एकदा म्हणायचं होतं हो, "अगं, नीट बघ." मी रडले असते, भांडले असते, पण बघितलं असतं.

आता ऐका. पुढच्या रविवारी मी आणि मंगल लोकलने जाणार आहोत. तिला त्या फाटकापाशी उभी करणार आहे, तुमची छत्री देऊन. ठिगळ अजून शाबूत आहे. आणि मी डोंगर चढणार आहे. गुडघे दुखले तर दुखू देत. तुम्ही उभे असायचात तिथे उभी राहून खाली बघणार, गाडी येईपर्यंत. कॅमेरा बरोबर घेणार आहे. त्याची मान मी सरळ करून घेतलेली नाही, आणि करूही देणार नाही कोणाला.

तुमची मंडळी,
सुमन
(आता रागावलेली नाही)