रिकामं नव्हतं ते घर

शारा, गोझो
६ ऑक्टोबर १९९८

चि. रीटास,
अनेक आशीर्वाद.

काल पावावर टोमॅटो चोळताना तुझी आठवण झाली. नन्सच्या शाळेतून घरी येताना आपण एकच पाव वाटून खायचो आणि मोठा तुकडा नेमका तुझ्याच हातात यायचा. वर त्यातल्या केपरच्या खारट कळ्या वेचून माझ्याकडे टाकायचीस. आता तिकडे फ्रान्समध्ये कुणाकडे टाकतेस?

मन थाऱ्यावर नाही गं. स्ट्रासबर्गचा मानवी हक्क आयोग महिनाअखेर बंद होतोय, त्याच्या जागी नवं न्यायालय येतंय, असं वकील मिफसूद सांगून गेले. म्हणजे आईच्या घराचा आपला अर्ज आयोगाबरोबरच बुडाला ना? सरकार म्हणतं, पैसे घ्या आणि अर्ज मागे घ्या.

आई डोळ्यांच्या ऑपरेशनला माल्टाला गेली, तेव्हा किल्ली बाहेरून दारालाच होती. आपल्या गोझोत ती कोण काढून ठेवतं? सरकारी माणसाने तीच फिरवली, आत गेला, ‘घर रिकामं’ असं लिहून ते सरकारच्या ताब्यात घेतलं आणि भाडेकरू आणून बसवले. आई परतली ती माझ्या मागच्या खोलीत, आणि तिथेच गेली.

हल्ली जिना चढताना माझ्या छातीत दुखतं. सही करून मोकळी होऊ का? तू त्याच गावात राहतेस. जाऊन विचार आणि लगेच कळव.

तुझी दोलोर


स्ट्रासबर्ग
१७ ऑक्टोबर १९९८

ती. ताईस,
सा. न.

घाईने सही करू नकोस. हे आधी, खुशाली मागाहून.

आयोगाच्या कचेरीत जाऊन आले. माहिती फक्त अर्जदारालाच मिळेल, असं तिथली बाई ठणकावून म्हणाली. मी तिला सांगितलं की अर्जदार माझी ताई आहे आणि समुद्रापलीकडून माझ्यावर डाफरतेय. मग हसली, आणि खुर्ची दिली.

बुडत काही नाही, ताई. महिनाअखेरपर्यंत जे अर्ज दाखल करून घेण्याजोगे ठरतील, ते आयोगच आणखी वर्षभर चालवणार. उरलेले आपोआप नव्या न्यायालयाकडे जातील. आपला शेवटच्या बैठकीत निघाला तर इकडे, नाही तर तिकडे. तिकडे किती वर्षं लागतील विचारलं, तर बाईंनी नुसते खांदे उडवले. बोळात खोकी बांधून रचली होती. त्यातल्या एकात आपली आई बसलीय असं वाटलं आणि मला पुढे चालवेना.

तरीही तब्येतीकडे पाहून तू पैसे घेतलेस, तर मी चकार शब्द काढणार नाही. माझी लेक ओदेत मात्र काढील. ती तुझ्याच वळणावर गेलीय.

डॉक्टरांकडे जा. रागावलीस तरी चालेल, पत्र थांबवू नकोस.

तुझी रीटा


शारा, गोझो
१२ नोव्हेंबर १९९८

चि. रीटास,
अनेक आशीर्वाद.

शेवटच्या बैठकीत आपला अर्ज निघाला नाही. आता तो नव्या न्यायालयात. डॉक्टरांनी माझ्या छातीबद्दल जे सांगितलं, त्यावरून तो निकाल मी ऐकेन असं वाटत नाही.

सरकारचा कागद आला होता. पेन हातात घेतलं, तोच एक ओळ दिसली: घर त्या वेळी रिकामं होतं, हे अर्जदाराला मान्य आहे. ओट्यावर आईचा अर्धा पाव फडक्यात होता गं! पेन खाली ठेवलं. कागद सहीविनाच परत गेला.

रविवारी चर्चमध्ये मिसानंतर जाकबीना भेटली, आईच्या घरातली भाडेकरू. तू देवाच्या दरबारातही वकील घेऊनच जाशील, असं तिने मला सगळ्यांदेखत सुनावलं. तिथे भाडेकरूंची रांग वेगळी असते, असं मीही ऐकवलं. दोघी हसलो. मग ती रडायलाच लागली. या वयात कुठे जाऊ, म्हणाली.

आता नीट वाच. अर्जदार गेला तरी वारसाला खटला चालवता येतो, असं मिफसूद सांगतात. तो ओदेतला. शिवणयंत्र शेजारच्या कार्मनीला. कोंबड्या फादर साल्वूंना. कुरकुरतील, पण अंडी आवडीने खातात. आईची जपमाळ तुला.

लोभ आहेच, तो ओदेतकडेही वळता कर.

तुझी दोलोर

ता. क. घर परत मिळालं, तर अंगणाकडची खोली जाकबीनाला, ती आहे तोवर. ती महिनाभर दवाखान्यात पडली, तरी ती खोली तिचीच. ओदेतला हे तोंडी सांगू नकोस, लिहून दे.