मी “माझा!” ओरडले त्याचं

प्रिय दादा,

नमस्कार राहू दे, आधी टाळी घे. खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर होतं. आईला एवढंच वाचून दाखव.

व्हॉलीबॉल ऑफिसात कामी येईल, हे तुझं म्हणणं खरं निघालं. पहिल्याच बैठकीत साहेबांनी विचारलं, “हा अहवाल कोण करेल?” सगळे टेबलाकडे बघत बसले. मला वाटलं, चेंडू दोघांच्या मध्ये पडतोय, आणि सवयीने ओरडले, “माझा!” सगळे हसले. साहेब खूश झाले.

तेव्हापासून कुठलंही काम निघालं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. शेजारच्या बाई तर स्वतःची फाइल माझ्यापुढे सरकवून म्हणतात, “तुझीच ना गं?” नाही म्हणायला तोंड उघडते आणि “हो” बाहेर पडतं. नोकरी कायम व्हायला अजून पाच महिने आहेत. तोवर तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

बाबांचा गुडघा कसा आहे? मैदानावर जाळी अजून तूच बांधतोस का?

बाहेर जाणाऱ्या चेंडूमागे मी धावले की तू मागून ओरडायचास, “सोड!” इथे मागे वळून बघते, तर भिंत आहे.

तुझी मागच्या फळीतली,
धाकटी