निळी स्प्रिंग, पांढरी स्प्रिंग

मामा,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. नवीन जालन्यातल्या आपल्या दुकानातच बसून लिहितेय. चावीची घड्याळं आता कमी येतात, पण येतात. आलेलं घड्याळ मी अजून आधी कानाला लावते, मग ठोके मोजायच्या मशीनवर ठेवते.

सून म्हणून आले तेव्हा मला घड्याळातलं काहीच कळत नव्हतं. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि तुमच्या मुलाला बियाण्यांच्या कंपनीतली नोकरी सोडायची नव्हती. एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले आहे, तुम्ही दारातून बघताय. "बारीक खडा बराबर दिसतो तुला," तुम्ही म्हणालात. "उद्यापासून दुकानात ये." सासूबाई म्हणाल्या, लोक काय म्हणतील. "लोकांला घड्याळ चालू पाहिजे," एवढंच बोलून तुम्ही जेवायला बसलात.

तीर्थपुरीचे ते निवृत्त गुरुजी आठवतात? वडिलांचं खिशातलं घड्याळ घेऊन आले होते, आतली मुख्य स्प्रिंग तुटलेली. तुम्ही कायम निळ्या पोलादाची स्प्रिंग घालायचात. ती मिळेनाशी झाली होती आणि डब्यातल्या उरलेल्यांना गंज चढला होता. एका विक्रेत्याने मला नव्या मिश्रधातूची पांढरी स्प्रिंग दिली होती. गंजत नाही, तुटत नाही म्हणाला. तुम्ही चतुर्थीला राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलात आणि मी ती घालून टाकली. तुम्ही परत याल तेव्हा शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

आठ दिवसांनी गुरुजी परत आले. "रोज तासभर पुढं पळून राह्यलंय," म्हणाले. तुम्ही घड्याळ कानाला लावलंत. मी भिंतीकडे बघत उभी. "काम माझंच आहे, गुरुजी. पुन्हा करून देतो," तुम्ही म्हणालात. माझ्याकडे बोट दाखवलं असतंत तर गावभर झालं असतं की बाईच्या हातात घड्याळ दिल्यावर दुसरं काय होणार. माझं दुकानात बसणं त्याच दिवशी संपलं असतं.

ते गेल्यावर मात्र तुम्ही बोललात. "नवी घातली याचा राग न्हाई. न मोजता घातली याचा हाय. नव्या धातूला जोर जास्त. म्हाताऱ्या माणसाला पैलवानाचा खुराक चारलास तू. मंग ते पळंल न्हाई तर काय." दोन दिवस तुमचा अबोला. तिसऱ्या दिवशी जाडी मोजायचं माप माझ्यापुढे सरकवलंत. मला वाटलं, आता निळी शोधायला सांगणार. "पांढरीच घालू," तुम्ही म्हणालात, "पन पातळ बघ." तीन स्प्रिंगा बदलल्या तेव्हा ठोका जमला. सत्तरी ओलांडलेला माणूस, चाळीस वर्षांची सवय सोडून सुनेने आणलेला धातू वापरतो. त्याचं मोल तेव्हा मला कळलं नाही. आज कळतं.

गेल्या महिन्यात एक तरुण अधिकारी नवं घड्याळ घेऊन आला. त्याच्या भावाने परदेशातून पाठवलेलं. खाली पडून अडकलं होतं. त्यातली ठोका सांभाळणारी, केसासारखी बारीक स्प्रिंग धातूची नाही, सिलिकॉनची. तिला गंज नाही, चुंबकाची बाधा नाही. जराशी वाकडी दिसली म्हणून तुम्ही शिकवल्याप्रमाणे चिमट्याने हलकेच सरळ करायला गेले. काच तडकावी तशी ती तुटली. सिलिकॉन वाकत नाही, मामा. तुम्ही शिकवलेली ती नजाकत तिथे कामाची नाही. आधी कुणा जाणकाराला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही.

संध्याकाळी तो आला. मी म्हणाले, पडल्यावरच तुटली असणार. त्याने लगेच विश्वास ठेवला, वर आभारही मानले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्याला फोन करून खरं सांगितलं, स्प्रिंग मागवून देते म्हणाले. तो "ठीक आहे, काकू" म्हणाला. स्प्रिंग अजून यायची आहे.

हे पत्र कुठे टाकणार, घडी करून ड्रॉवरमध्येच ठेवेन. घरात मी सांगितलंय की चूक लगेच कबूल केली. तसं नाही झालं. एक रात्र मी गप्प होते, आणि सुटले म्हणून मला बरंही वाटत होतं.