भुग्यातले शब्द

सोमवार, २
नोकरी झकास! ऑफिस खाली, राहायची खोली वर. माझ्या लेकीसाठी, चिमीसाठी, पाळणाघर शोधायची वणवणही वाचली. ऑफिसचं भांडार सांभाळणाऱ्या मावशी स्वतःहूनच म्हणाल्या, मी बघेन की तिला, मला लेकरांची भारी हौस.

माझं काम ऑफिसातल्या सगळ्यांचे पासवर्ड कच्चे आहेत का, ते तपासण्याचं. मशीन पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, कुटून त्याचा भुगा ठेवतं. भुग्यातून शब्द परत निघत नाही. पण माझ्याकडे एक फुकट, खुल्या कोडचं अवजार आहे. ते यादीतले लाखो शब्द, त्यांच्या जोड्या, पुढे आकडे लावून, तसेच कुटून बघतं; भुगा जुळला की पासवर्ड सापडला. यादीत मी सगळ्यांच्या पोराबाळांची नावं घातली, माणसांना दुसरं सुचतं कुठे! साहेबांचा 'साहेब१२३' निघाला. आता दर सोमवारी पासवर्ड बदलायचा, असा नियमच काढलाय.

सोमवार, ९
मावशींचा 'चिमीचीनखं१'. हसू आलं. शनिवारी त्यांनीच तिची नखं कापली होती. पण कापलेली नखं त्या रुमालात बांधून घेऊन गेल्या, ते आठवून किळस वाटली.

सोमवार, १६
'चिमीचेकेस२'. परवा केसही त्यांनीच कापले. आज जेवताना त्यांच्या दातांच्या फटीतून एक बारीक केस लोंबत होता. त्यांनी तो बोटाने आत ढकलला आणि गिळला. मी डबा बंद केला.

साहेब म्हणाले, मावशी म्हणजे देवमाणूस, तुमच्या आधी या कामावर होत्या त्या बाईंची पिंकूही त्यांनीच सांभाळली. ती आता कुठे असते, विचारलं. त्यांना आठवेना. उद्यापासून चिमी माझ्या खुर्चीशेजारी.

गुरुवार, १९
मशीन जुने भुगेही जपून ठेवतं. मावशींचे गेल्या वर्षीचे काढले. 'पिंकूचीनखं१'. 'पिंकूचेकेस२'. 'पिंकूचादात३'. 'पिंकूचीजीभ४'. पुढे — शी! मला लिहवत नाही.

शुक्रवार, २०
मी साहेबांच्या खोलीत दहा मिनिटांसाठी गेले. फक्त दहा. चिमीच्या हिरडीतून रक्त. दात पडला म्हणते. तो मावशींनी नेला, जपून ठेवायला.
सोमवारची वाटही पाहिली नाही त्यांनी. 'चिमीचादात३'.
साहेबांना पटत नाही. इथून निघायचं, पण गाडी सोमवारी सकाळी. तोवर दाराला कडी.

सोमवार, २३
सामान बांधलं. वळून बघते तर कडी काढलेली. हाका मारतेय, चिमी ओ देत नाही. भांडाराला कुलूप —
मावशींनी आत्ताच पासवर्ड बदललाय. अवजार कुटतंय.
जुळला. शेवटी चार —
जिन्यात पावलं. चिमी! आली, माझी बाई, आली. कुठे होतीस विचारते, तर नुसती बघते. हनुवटी ओली. तोंड उघडतेय, आणि आत