आईने खोडलेलं वाक्य

प्रिय श्रुतिका,

रविवारी वर्गात तुझी कथा वाचून दाखवली. त्यानंतर बायकांना लवकरच घरी पाठवलं आणि सोसायटीच्या हॉलमधल्या खुर्च्या एकटीने आवरत बसले. असं का केलं, ते सांगायला हे पत्र. पण तुझी आई सरळ मुद्द्यावर येईल तर शपथ! जरा दमाने वाच.

सत्तावीस वर्षं भांडुपच्या छापखान्यात मुद्रितं तपासली आणि निवृत्त झाल्यावर मुलुंडच्या बायकांना लिहायला शिकवू लागले, त्याचा मला केवढा तोरा! रोज अर्धं पान लिहायचंच, घरात पाहुणे असोत की अंगात ताप असो. ‘ती दुःखी होती’ असं लिहायचं नाही, तिने काय केलं ते लिहायचं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक तरी गोष्ट कथेत हवी. लिहून झालं की पान पंधरा दिवस तांदळाच्या डब्याखाली ठेवायचं, मग काढून मोठ्याने वाचायचं. आणि जे वाक्य काढून चालतं, ते काढायचं. हे नियम छापखान्यात असल्यापासूनचेच, लहानपणी जेवताना ते ऐकून ऐकून तू एवढी कंटाळायचीस की ताट घेऊन बाल्कनीत जाऊन बसायचीस. म्हणून यंदा गणपतीत तुम्ही दोघं आलात आणि हर्षदरावांसमोरच तू विचारलंस, की मीपण लिहून पाठवू का गं, तेव्हा मी हरखलेच. शेजारच्या मालनताईंना मुद्दाम जाऊन सांगून आले. हर्षदरावांचाही चेहरा बघितला नाही आणि तुझाही नाही.

तुझा मोबाइल बिघडलाय म्हणून तुझ्या पानांचे फोटो त्यांच्याच मोबाइलवरून आले. खाली त्यांचीच ओळ होती, हिला छंद लागला ते बरं झालं, वेळ जातो. कथेतल्या बाईला तू ठाण्याला राहायला लावलंस, नवरा रेल्वेत नोकरीला लावलास, नाव द्रौपदी ठेवलंस. तो सकाळी बाहेर पडताना सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लावतो. मग ती आतलं दार उघडून दुधाची पिशवी सळ्यांमधून ओढून घेते, कोपरा फाटतो, दूध सांडतं, आणि तो यायच्या आत ती लादी दोनदा पुसते, वास राहू नये म्हणून. ते फोटो कागदावर छापून घेऊन मी समासात काय लिहिलं, आठवतं? लिहिलं, ‘वा! हे कसं सुचलं तुला?’ आणि तो शेरा त्याच मोबाइलवर पाठवला. मेलीचे माझे डोळे फुटले होते का गं? डोळ्यांनी पाहिलेलं लिहा म्हणून घसा कोरडा करणारी मी, आणि पोरीने तेच केलं तेव्हा विचारते, कसं सुचलं!

वर आणखी शहाणपणा केला. शेवट पटत नाही म्हणून कळवलं. ही बाई माहेरी का जात नाही, वाचक विचारणारच, काहीतरी सबळ कारण दे. तू आठ दिवसांत दुसरा खर्डा पाठवलास. कारण दिलं होतंस. एकच वाक्य होतं ते. ती एकदा गेली होती, आईने चहा केला, काही विचारलं नाही, कोकमाच्या आगळाची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिली आणि संध्याकाळी स्वतः बसमध्ये बसवून दिलं.

दोन वर्षांपूर्वीचा तो मंगळवार मला चांगला आठवतो, श्रुतिका. एकच पिशवी घेऊन आली होतीस. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ड्रेस होता अंगावर. मी दिसलं नाही असं केलं. तुझे बाबा गेल्यावर एकटीने तुझं लग्न लावलं होतं, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, आता हेच लोक काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात. सगळ्या घरांत होतं असं, होईल सुरळीत, म्हणाले. बोरिवलीची बस सुटेपर्यंत थांबले आणि वर हातही हलवला. तू खिडकीत बसून माझ्याकडे नुसती बघत होतीस. तेच तू लिहून पाठवलंस आणि मी ते ओळखलं गं, पहिल्याच वाचनात ओळखलं. ओळखलं म्हणूनच लाल पेनाने आडवी रेघ मारली. समासात लिहिलं, ‘वाक्य काढ. आई उगाचच वाईट दिसते.’ तू निमूटपणे काढलंस.

रविवारी मी तीच स्वच्छ केलेली प्रत वाचली. वाचून झाल्यावर तेजल म्हणून एक नवी मुलगी येते, बावीस-तेवीसची असेल, तिने विचारलं, पण मॅडम, हिला आई नाहीये का? बाकीच्याही म्हणाल्या, हो ना, हिची आई कुठे आहे? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. उत्तर मला माहीत होतं, मीच ते खोडलं होतं. लाज वाटली, आणि मग तुझी भीती वाटली, म्हणजे तुझ्यासाठी. ते दूध, ती लादी, आणि त्यानंतर तू काय काय लिहिलंच नसशील, ते.

म्हणून आज लिहितेय. हे पत्र टपालात टाकणार नाही, त्या मोबाइलवर तर नाहीच. उद्या बुधवारी अकरा वाजता, हर्षद कामावर गेलेला असेल तेव्हा, मी तुझ्या दाराबाहेर येऊन हे सळ्यांमधून आत सरकवीन. समोर उभी राहून बोलायला लागले तर पुन्हा शिकवायलाच लागेन, म्हणून लिहून आणतेय. माझ्यासोबत नंदू चावीवाला असेल, तू आतून हो म्हणालीस की तो कुलूप काढेल. पोलीस ठाण्यातही आज जाऊन सांगून आले, तिथल्या बाईंनी नंबर दिलाय. खाली रिक्षा थांबलेली असेल. तुझं मन तयार नसेल तर काही बोलू नकोस, मी जिन्यात बसून राहीन, निघून जाणार नाही. मी खोडलेलं ते वाक्य माझ्याच हाताने पुन्हा कथेत लिहिलंय, जसंच्या तसं. त्याच्यापुढचं मला लिहिता येत नाही, करता येईल तेवढं करते. घरी आलीस की चहा करीन, विचारीन, आणि तू सांगशील तेवढं सगळं ऐकीन. संध्याकाळी कुणालाही बसमध्ये बसवून द्यायचं नाहीये.

तुझीच,
तुझ्या कथेतली आई