आप्पांचा आवाज

दादा,

मी सासवडला आत्याकडे जातेय, स्वारगेटहून बस मिळेल. कुकर लावलाय, वरणाला फोडणी तेवढी दे.

स्वप्नात जागं राहायला शिकत होते ना, ते आज दुपारी जमलं! मी कधीच सोडून दिलं असतं, पण तू रोज विचारायचास, "मैना, आत्ता जागी आहेस का स्वप्नात?" त्याच सवयीनं झोपेतही स्वतःला तेच विचारलं, आणि हे स्वप्न आहे हे कळलं. समोर आप्पा बसले होते, वारण्याआधी बसायचे तसेच. मी म्हटलं, "आप्पा, बोला ना." त्यांचे ओठ हलले, पण आवाजच येईना. दादा, मी त्यांचा आवाज विसरलेय!

आत्याच्या फोनमध्ये त्यांचं बोलणं आहे. ते ऐकून उद्या येते.

तुला तरी आठवतो का रे?

मैना